मिस्साला जावे, ‘मास’ला नव्हे

प्रश्न असा आहे : ‘चर्च अटेंडन्स’ला मराठीत ‘चर्चची हजेरी’ म्हणावे का?

नाही. ‘चर्चची हजेरी’ म्हटले की चर्चच कुठेतरी हजर झाले असे वाटते. ‘चर्चमधील हजेरी’ व्याकरणात बसते, पण हजेरी म्हटली की ती घेणारा आला आणि गैरहजराची शिक्षाही आली. १५५९च्या कायद्याने इंग्लंडमध्ये रविवारी चर्चला न जाणाऱ्याला १२ पेन्स दंड होता, १५८१पासून तर महिन्याला २० पौंड. तिथे ‘हजेरी’ खुशाल लिहा. आजच्या संदर्भात ‘उपस्थिती’ बरी. फक्त उपस्थिती म्हणजे माणसे नव्हेत, हे आकडे छापणारे हमखास विसरतात. ३० मार्च १८५१ रोजी इंग्लंड-वेल्समध्ये सकाळ, दुपार आणि संध्याकाळच्या उपासनांना आलेल्यांची मोजणी झाली. बेरीज सुमारे १ कोटी ९ लाख भरली, पण तिन्ही वेळा गेलेला माणूस तीत तीनदा धरलेला. मग मोजणीचा अहवाल लिहिणारे होरेस मान यांनी दुपारचे निम्मे आणि संध्याकाळचे एकतृतीयांश लोकच नवे धरले, तेव्हा आकडा सुमारे ७२ लाख ६१ हजारांवर आला. पहिली संख्या उपस्थितीची, दुसरी उपस्थितांची.

एकेकट्या माणसाविषयी लिहिताना मात्र हे नामच टाळा. प्रॉटेस्टंट ‘उपासनेला जातात’, कॅथलिक ‘मिस्साला जातात’ (मिस्सा म्हणजे त्यांचा मुख्य उपासनाविधी, इंग्रजीत ‘मास’). सरळ क्रियापद असताना ‘मास अटेंड केला’ कशाला? मास म्हणजे महिना!

‘मिस्सा’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्याकडे लॅटिनमधून. लॅटिन विधीच्या शेवटी घोषणा होते, ‘इते, मिस्सा एस्त’ : जा, निरोप झाला. म्हणजे ज्याला लोक जातात त्याचे नाव ‘आता निघा’ या शब्दावरून पडले! मूळ धातू ‘मित्तेरे’, पाठवणे, सोडणे. आपला ‘विसर्जन’ घ्या : सृज् म्हणजे सोडणे, आणि सभाही विसर्जित होते. मिस्सा म्हणजे शब्दशः विसर्जन. जुन्या काळी बाप्तिस्मा न झालेल्या दीक्षार्थींना विधीच्या मध्यावरच बाहेर पाठवत, उरलेल्यांना शेवटी. एका बैठकीत दोन निरोप, मग निरोपाचेच नाव सगळ्या विधीला चिकटले तर नवल काय?

काही पंडित हा शब्द हिब्रूतल्या अर्पणवाचक ‘मिस्सा’शी जोडतात. ध्वनी जुळला म्हणजे नाते जुळले, हा आळशी व्युत्पत्तीचा नमुना. हिब्रू धर्मशब्द लॅटिनमध्ये बहुधा ग्रीकमार्गे येत (आमेन, हालेलूया), आणि ग्रीक ख्रिस्ती या विधीला ‘मिस्सा’ म्हणत नाहीत, ‘लितुर्गिया’ म्हणतात. पंडितांचा दुसरा गट ‘मिस्सा’त ‘जगात धर्मकार्यासाठी पाठवणी’ वाचतो. प्रवचनाला ठीक, व्युत्पत्तीला नाही. इ.स. ५००च्या सुमारास (आजच्या फ्रान्समधल्या) व्हिएनचा बिशप अविटस स्पष्ट लिहितो की लोकांना निरोप देताना चर्चमध्ये, राजवाड्यात आणि न्यायालयातही ‘मिस्सा एस्त’ पुकारतात. न्यायालयातून कोण धर्मकार्याला निघत होते?

‘ख्रिसमस’मधला ‘मस’ही हाच, जुन्या इंग्रजीतल्या ‘मॅसे’मधून आलेला. तेव्हा दर डिसेंबरात छापून येणारा ‘ख्रिसमसचा मास’ म्हणजे ख्रिस्ताच्या मिस्साचा मिस्सा.