गोळी सोडली, तरी बीपी नॉर्मल कसा आला?

"मॅडम, गोळीच्या जागी सुगंधी तेल चालते का?" ग्रामीण रुग्णालयातल्या आमच्या एनसीडी क्लिनिकमध्ये, म्हणजे बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकमध्ये, हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे लव्हेंडरच्या तेलाचं नाव कापसाच्या वावरापर्यंत पोचलंय. उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पण एवढं ऐकून सोडलेली गोळी कोणी पुन्हा सुरू करत नाही. म्हणून शांताबाईंची हकिकत सांगते. नाव अर्थातच बदललेलं आहे.

शांताबाई यवतमाळ जिल्ह्यातल्या, वय पन्नाशीच्या पुढे, घरी कोरडवाहू कापूस आणि तूर. गावातल्या तपासणीत आशाताईंना त्यांचा बीपी १६४/९८ आढळला. डॉक्टरांनी अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी, ५ मिलिग्रॅम रोज एक, अशी सुरू केली आणि पुढच्या महिन्यात तो १३६/८४ वर आला. मग त्या यायच्याच थांबल्या. आशाताईच पाठी लागून त्यांना घेऊन आल्या तेव्हा आकडा होता १७२/१०२.

"गोळी सोडून देली मी," त्या सरळ म्हणाल्या. "पुन्याच्या पोरीनं तेल धाडलं, त्याचाच वास घेतो रोज रातच्याला. पटत नसन तं सिस्टरले विचारा. गोळी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं मोजला, नॉर्मल निंगाला!"

त्या खोटं बोलत नव्हत्या. आकडा खरा होता, फक्त त्याचं श्रेय तेलाचं नव्हतं. अॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रक्तातलं निम्मं औषध जायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं जो बीपी मोजला तो आधीच्या गोळ्यांनी धरून ठेवलेला होता. मी त्यांना म्हटलं, "मावशी, चूल विझवली तरी तवा लगेच थंड होतो का?" त्या विचारात पडल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे तेलाच्या नावावर गोळीच चालू होती?" हो, तसंच. दोन आठवड्यांत औषधाचा असर पुरता ओसरला आणि बीपी मूळ जागी गेला. त्यांना काही जाणवलंही नाही, कारण बहुतेकांना वाढलेला बीपी जाणवतच नाही. "मले तं चांगलं वाटते" हा म्हणूनच बीपीचा पुरावा होऊ शकत नाही, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

मग त्यांना खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं आणि पुन्हा मोजला. वरचा आकडा १७२ वरून १६२ वर आला. खोलीत तेलाचा थेंबही नव्हता. सुगंध घेताना माणूस डोळे मिटून बसतो, श्वास लांब होतो, मन निवतं. तेवढ्यानंही आकडा थोडा उतरतो. वासाचा संबंध मेंदूतल्या भावनांच्या भागाशी आहे, त्यामुळे बरं वाटणं खोटं नाही. पण तो परिणाम थोड्या वेळाचा असतो. याविषयीचे अभ्यास लहान आणि कमी मुदतीचे आहेत. शिवाय वास लपवता येत नाही, त्यामुळे खरं तेल आणि नकली तेल अशी चोख तुलना करणं अवघड जातं. सुगंधानं लकवा किंवा हार्ट अटॅक टळतो, असं कुठल्याही अभ्यासानं दाखवलेलं नाही. बीपीची गोळी घ्यायची ती त्यासाठीच.

पण माझ्या मते मुद्दा तेलाचा नव्हताच. जो माणूस तेलाबद्दल विचारतो त्याची गोळीबद्दल एखादी तक्रार असते आणि ती त्यानं डॉक्टरांना सांगितलेली नसते. म्हणून विचारलं, "गोळीनं काही तरास होत होता का?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग लुगडं वर करून घोटे दाखवत म्हणाल्या, "लय सुजत होते. निंदाले बसलो का उठताच येत नोयतं. शेजारीण म्हणे, गोळीनं किडनी गेली तुही."

ही भीती उराशी धरून त्या महिनाभर घरी बसल्या होत्या. अॅम्लोडिपिननं काहींच्या पायांवर सूज येते ती बारीक रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे; किडनी गेल्याची ती खूण नव्हे. तरी सूज कशाची आहे ते डॉक्टरांनीच पाहायला हवं. त्यांनी लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) तपासलं, दोन्ही ठीक निघालं. गोळी बदलून टेल्मिसार्टन ४० दिली. गोळी सोसत नसेल तर बदलून मिळते, हे शांताबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. याची मला फार हळहळ वाटते.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. निंदणाच्या दिवसांत अंग दुखलं की त्या किराणा दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेत, कधी दिवसाला दोन. यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात, सूजही आणतात आणि किडनीवर ताण टाकतात. मला तेलाच्या बाटलीपेक्षा या गोळ्यांची धास्ती जास्त वाटली. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्या खात नाहीत. मिठाचं नेहमीचंच: लोणचं, ठेचा, पापड कमी, दिवसभरात सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी.

तेल मी बंद करायला लावलं नाही. कर्जाच्या विचारानं त्यांना झोप लागत नाही आणि रात्री त्या वासानं जरा डोळा लागतो. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून उशाशी ठेवायचं, एवढंच. अंगाला तसंच चोळायचं नाही, आग होते, फोड येतात. घरात कोणाला दमा असेल तर नकोच. कोणीतरी त्यांना चहात थेंब टाकायला सांगितलं होतं. ते मात्र मी निक्षून मना केलं. निलगिरी, कापूर यांची तेलं पोटात गेली तर लहान मुलांना झटके येतात, आणि त्यांच्या घरी तीन वर्षांचा नातू आहे. बाटली उंच फळीवर.

पुढच्या खेपेला बीपी १३८/८६ होता, घोट्यांची सूज उतरली होती. "तेल सरत आलं, पोरीले अजून धाडाले सांगू का?" त्यांनी विचारलं. वास आवडतो तर सांगा, म्हटलं, पण आधी तिला बीपीचं मशीन पाठवायला सांगा. मनगटाचं नको, दंडाला बांधायचं. सकाळी गोळी घ्यायच्या आधी, पाच मिनिटं बसून मोजायचं आणि आकडा वहीत लिहून इथं घेऊन यायचा.