बाबांची गाडी विकायची आहे, पण हात धजावत नाही

"मॅडम, ही विकली तर बाबांनाच विकल्यासारखं होईल हो." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. कधी शिलाई मशीन असतं, कधी स्कूटर, कधी गावातलं घर, वस्तू बदलते पण वाक्य तेच. गेल्या काही महिन्यांत तर तिघांनी विचारलं म्हणून एकाची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशी बदलून.

गृहस्थ पन्नाशीतले, वडिलांना जाऊन सहा वर्षं झालेली. मागे राहिलेली वस्तू म्हणजे एक जुनी स्टेशन वॅगन, लांबलचक, मागचं दार वर उघडणारी, मूळ रंग, मूळ सीट, डॅशबोर्डला एक तडा नाही. तिसरी सीट मागे तोंड करून. धाकटे म्हणून लहानपणी यांची जागा तीच, सगळ्यांना पुढचा रस्ता दिसायचा आणि यांना मागे पडलेला, आणि बाबांचा आवाज कायम पाठीमागून यायचा. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते.

दर रविवारी कव्हर काढायचं, धुवायची, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, परत कव्हर. चालवायची नाही. भावंडं केव्हाचीच विका म्हणत होती, यांनाही पटत होतं, जागा नाही, खर्च आहे. पण आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक नापास. एकाने रंग बदलणार म्हटलं, दुसऱ्याने दार जोरात आपटलं, तिसऱ्याला किंमत जास्त वाटली.

किंमत जास्त होतीच. काहनेमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांचे 1990 मध्ये छापून आलेले प्रयोग आहेत, साधे कॉफी मग काही जणांना देऊन टाकले आणि मग विचारलं कितीला विकाल, तर त्यांनी सांगितलेला आकडा घेणाऱ्यांच्या आकड्याच्या साधारण दुप्पट निघाला. तो कॉफीचा मग हातात येऊन काही मिनिटं झालेली! इथे तर आख्खं बालपण मागच्या सीटवर बसलेलं. म्हणून मी कधीच कुणाला "भावनिक होऊ नका" म्हणत नाही, उलट विचारते की नेमकं काय झालं पाहिजे?

ते म्हणाले, "बाबांसारखीच निगा ठेवणाऱ्याकडेच ती गेली पाहिजे."

मी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि दोन्ही 'च'भोवती गोल केले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी सगळी प्रॅक्टिस उभी आहे आणि इतक्या वर्षांनी मला खात्रीने वाटतं की माणूस इच्छेने अडत नाही, इच्छेचा हट्ट झाला की अडतो, आणि मराठीत तो हट्ट बहुतेक वेळा या एका अक्षरात सापडतो. "निगा ठेवणारा मिळाला तर बरं" या वाक्यावर गाडी विकता येते. त्यांच्या वाक्यावर ती कधीच विकता आली नसती, कारण तसा माणूस एकच होता आणि तो आता नव्हता. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, कागद नुसता त्यांच्याकडे सरकवला. बराच वेळ बघत राहिले.

पुढच्या वेळी ते बाबांची सर्व्हिसची वही घेऊन आले. तारीख, किलोमीटर, काय बदललं, सगळं बारीक अक्षरात. सहा वर्षं एकही नोंद नाही, "ती वही त्यांची ना." मी म्हटलं पहिलं पान वाचा. त्यांनी वाचलं, 'वडिलांची गाडी दिली. ही घेतली. मुलं मावतात.'

"म्हणजे तुमच्या बाबांनी आजोबांची गाडी विकली?"

"हो, माहीत होतं मला… पण असं कधी बघितलंच नाही."

"मग आजोबांवर त्यांचं प्रेम नव्हतं?"

"छे! काहीतरीच काय मॅडम!" आणि एवढं बोलून ते थांबले, मग रडले, मग हसले. मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं मला खूप उशिरा जमलं, पण जमलं.

तुमच्याकडे असं काही असेल तर आधी तुमचा 'च' शोधा. भावंडांशी गिऱ्हाईक यायच्या आधी बोला, नंतर नाही. पैशाची निकड नसेल तर माणूस गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत विकायची घाई नको, पण वर्षानुवर्षं झाकूनही ठेवू नका. उभ्या गाडीचे टायर एका जागी दबतात, रबर कडक होतं, पेट्रोल जुनं होऊन कार्ब्युरेटर तुंबतो, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणजे जपतोय म्हणता म्हणता आपणच ती खराब करत असतो. द्यायच्या आधी सगळे मिळून एक फेरी मारा, आपापल्या जुन्या जागेवर बसून फोटो काढा. एखादी छोटी वस्तू ठेवून घ्या, पण सर्व्हिसची मूळ कागदपत्रं गाडीबरोबर द्या, जुन्या गाडीची किंमत त्यावरही ठरते, तुमच्यासाठी फोटोकॉपी पुरते. दोष लपवू नका. आणि हे सगळं करूनही झोप लागत नसेल, कामात लक्ष नसेल, तर विषय गाडीपुरता नाही, कुणाशी तरी बोला.

त्यांनी फेरी मारली. मागच्या सीटवर गुडघे मावेनात म्हणून फोनवर खूप हसले. गाडी शेवटी ज्याने घेतली तो दार आपटणाराच होता. वही त्याला देण्याआधी त्यांनी सहा वर्षांनी पहिली नोंद केली: तारीख, किलोमीटर आणि खाली, 'मागचं दार हळू लावावं. बिजागरीला तेल घालत राहावं.'