एक सकाळ आपली ठेव

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. वर्गातली आपली सगळी मुलं शनिवार-रविवार तिकडे फिलिपिन्समध्ये दाव्होहून सामाल बेटावर चाललीत आणि तू विचारतेस, जाऊ की खोलीवर बसून ॲनाटॉमी करू? पुढे आबांच्या बागेचं लिहिलंस. वादळात केळी आडवी झाली, ते मी बांधावर उभं राहून पाहिलंय. पण तू खोलीवर बसल्यानं त्यातलं एक खोड उभं राहणार नाही.

जा. ग्रुपबरोबरच जा. फक्त एक सकाळ आपली ठेव.

ग्रुपचा कार्यक्रम मला न सांगता कळतो. सासा धक्क्यावरून फेरीबोट, रिसॉर्ट, समुद्रात डुंबणं, रात्री गाणी, दुसऱ्या दिवशी अकराला उठणं. त्यात वाईट काही नाही, या वयात नाही हसायचं तर कधी? मॉनफोर्टची वटवाघळांची गुहाही बघाल, फोटो काढाल. ड्युरियन या तिकडच्या फळझाडाच्या फुलांचं परागीभवन वटवाघळं करतात, हे तिथे कोण विचारणार? तू विचार. तिकडे सहाच्या आत उजाडतं. सगळे झोपलेले असताना एका मैत्रिणीला उठव आणि गावातला बाजार गाठ. साबा केळीचे फणे दिसतील, ती शिजवून, तळून खातात. ग्रँड नैन केळीच्या बागेत वाढलेल्या पोरीला तिथे प्रश्न सुचले नाहीत तर मला राग येईल. तिथल्या बिसाया बोलीत ‘तागपिला नी?’ म्हणून भाव विचार. चुकीचं बोललीस तर हसतील, हसू देत. पुढे वॉर्डात उभी राहशील तेव्हा म्हातारी पेशंट पोटदुखी बिसायातच सांगणार, आणि ती बिसाया वर्गात बसून येत नाही. म्हणून एक सकाळ आपली.

हट्टानं सांगतोय, त्याला कारण आहे. आम्हा शेतकऱ्यांना एकदा केळीच्या अभ्यासासाठी तिरुचिरापल्लीला नेलं होतं. नेणाऱ्यांनी देवळं दाखवली, साड्यांची दुकानं दाखवली, केळी मात्र बसच्या खिडकीतून. शेवटच्या दिवशी पहाटे मी एकटाच बाजारात गेलो. तिथे जेवणाच्या पानांसाठी पूवन केळीची पानं गठ्ठे बांधून विकायला आली होती. नुसत्या पानांवर घर चालवणारा शेतकरी मी तिथे पहिल्यांदा पाहिला. आपण खान्देशात ती बागेतच कुजू देतो. परत आलो तर माझ्यासाठी बस थांबलेली. सावद्यापर्यंत कुणी माझ्याशी धड बोललं नाही, अजूनही कुणी ना कुणी तो विषय काढतं. काढू देत. पानांचा धंदा त्या बसमधल्या किती जणांनी पाहिला? माझी खंत वेगळीच आहे. त्या शेतकऱ्यानं खुणा करून बागेवर चल म्हटलं होतं आणि बस निघेल म्हणून मी गेलो नाही. ती बाग बघायची राहिली ती राहिलीच. म्हणून तुला म्हणतो, तासाभरानं भागत नाही. अख्खी सकाळ ठेव, आणि निघायच्या आधीच ग्रुपला तसं सांगून टाक.

आता हे नीट ऐक. दाव्होकडच्या कॅव्हेंडिश बागांना मर रोगाच्या टीआर-४ बुरशीनं ग्रासलंय. ती मातीतून पसरते, बुटाला चिकटून येते, जमिनीत वर्षानुवर्षं राहते आणि तिला औषध नाही. आपली ग्रँड नैन त्याच कॅव्हेंडिश कुळातली, आणि बिहार-उत्तर प्रदेशात हा रोग आलेलाच आहे. तेव्हा बाग रस्त्यावरून बघ, आत पाय टाकू नकोस. तिथे वापरलेले बूट सुट्टीत रावेरला आणायचे नाहीत. कंद नाही, रोप नाही. वादळातून आबांची बाग उठेल, यातून नाही उठणार.

आणि तापीत पोहायला शिकलीस म्हणून समुद्रात उड्या मारू नकोस. लाइफ जॅकेट घाल, मुकाट्यानं.

आबांशी पैशांचं मी बोलतो. तू आजच ग्रुपला खर्च विचार. फेरीबोटीचे किती, राहण्याचे किती, जेवणाचे किती, सगळं वेगवेगळं. विचारायला लाजू नकोस. आणि रविवारी सकाळी कुठे जाणार, ते मला शुक्रवारपर्यंत कळव.

तुझे काका