गिटारचा अँप (अँप्लिफायर) बदलण्याआधी केबल बदलून बघ

अरे, अँप खरखरतोय म्हणून लगेच विकायला काढू नकोस. आधी दुसरी केबल लाव. पुष्कळदा चोर तीच निघते. व्हॉल्यूम फिरवतानाच खरखर होत असेल तर पॉटमध्ये (नॉबच्या मागच्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या भागात) धूळ आहे. अँप बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मार, नॉब वीसेकदा मागेपुढे फिरव. केबल खुपसायचा जॅक ढिला असेल तर पुण्यात तापकीर गल्लीत नवा मिळेल. व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) अँप मात्र स्वतः उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आत ३००-४०० व्होल्ट साठलेले असू शकतात.

आणि घरासाठी म्हणून १५ वॅटचा देऊन ५ वॅटचा घेणार असशील, तर थांब. कानाला आवाज निम्मा वाटायला वॅट दहापट कमी व्हावे लागतात. ५ वॅटच्या व्हॉल्व्हनेही सदाशिव पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकू दुपारी एकला दारात हजर! हेडफोनचा जॅक असलेला छोटा मॉडेलिंग अँप (वेगवेगळ्या अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) बघ.