मित्राच्या वडिलांच्या शोकसभेत बोलायला नम्रपणे नकार कसा द्यावा?

मित्राचे वडील गेले, घरचे म्हणतायत शोकसभेत चार शब्द बोल, आणि तुम्हाला बोलायचं नाही. मग तसं सरळ सांगा. स्वतः फोन करून, आणि कारणांची रांग न लावता. "मला बोलायला जमणार नाही, पण त्या दिवशी मी सकाळपासून तिथे असेन." एवढं पुरतं. घसा बसलाय, बाहेरगावी जायचंय, असल्या थापा मारू नका. गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, संध्याकाळी बाजारात कोणीतरी गाठतंच.

मी हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः असा नकार दिलाय आणि त्यावरून आजही मला ऐकून घ्यावं लागतं.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवीच्या उत्सवाला गावकरीच संगीत नाटक करतात. ते बसवणारे मास्तर वारले. मला रंगभूमीवर पहिल्यांदा उभं केलं ते त्यांनीच. शेवटच्या काळात उत्सव समितीने नाटक त्यांच्याकडून काढून घेतलं आणि बाहेरचा दिग्दर्शक आणला. मास्तरांना हे कोणी घरी जाऊन सांगितलं नाही. देवळाच्या फळ्यावरची सूचना वाचून त्यांना कळलं. घरच्यांना सुतक, देवळात येता येणार नाही, म्हणून शोकसभा शाळेच्या सभागृहात ठेवली. व्यासपीठावर बसणार होती तीच समिती. मी शिक्षक, त्यामुळे माझं नाव मला न विचारताच वक्त्यांच्या यादीत घातलेलं. बोललो असतो तर एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर मास्तरांच्या बायकोच्या, काकींच्या देखत भांडण झालं असतं.

मी मास्तरांच्या मुलाला घरी जाऊन सांगितलं, "मी बोलणार नाही. दुसरं काहीही काम सांग." तो एवढंच म्हणाला, "मग बाबांच्या वह्या बघूया?" पत्र्याच्या ट्रंकेत नाटकांच्या प्रती होत्या. समासात लाल पेन्सिलीच्या खुणा: इथे श्वास, इथे ऑर्गनवाल्याकडे बघ, इथे टाळ्यांसाठी थांबू नको. माझ्या भूमिकेसमोर एके ठिकाणी लिहिलं होतं, "घाई नको, लोक ऐकतायत." त्या खुणा आम्ही एका कागदावर उतरवल्या आणि सभेत मुलाने त्याच वाचल्या. त्या दिवशी मास्तरांविषयी जे काही खरं बोललं गेलं, ते तेवढंच.

तरी चतुर्थीला मूळ घरी गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना माझा थोरला चुलतभाऊ दर वर्षी हा विषय काढतो. "एवढं शिकवलं त्यांनी, आणि तुला दोन मिनिटं उभं राहवलं नाही?" दादा स्वतः त्या समितीत होता. त्या सभेत तो बराच वेळ बोलला आणि फळ्यावरच्या सूचनेचा त्याने उल्लेखही केला नाही. कृतज्ञता भाषणातूनच दिसते हे त्याचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. आपल्या विधींमध्ये पिंड आहे, तिलांजली आहे, दहावा-बारावा-तेरावा आहे. भाषण कुठे आहे? ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, तुम्ही गेलाच असाल. रोमन मिसाल या मिस्साच्या कॅथलिक ग्रंथाच्या नियमांत (कलम ३८२) स्पष्ट म्हटलंय की अंत्यविधीच्या मिस्साला छोटं प्रवचन असावं, पण मृताचं गुणगान नको. तेव्हा न बोलणाऱ्याने मृताचा अपमान केला, असं कोणी म्हणू नये. दादानेही नाही.

तुम्हाला का बोलायचं नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते मित्राला सांगायलाच हवं असंही नाही. नुसती सभेची भीती असेल तर आठवण कागदावर लिहून द्या, दुसरं कोणी वाचेल. मात्र गेलेल्या माणसाने जिवंतपणी तुमच्याकडून तसा शब्द घेतला असेल, किंवा बोलणारं दुसरं कोणीच नसेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि दोन वाक्यं बोलून खाली बसा.

नाही म्हणायचं ठरलं असेल तर आजच फोन करा. वक्त्यांची यादी एकदा सूत्रसंचालकाच्या हातात गेली की तो माइकवरून तुमचं नाव पुकारणार, आणि मग सगळ्यांसमोर मान हलवून नको म्हणावं लागेल. मित्राच्या आईला ते बघायला लावू नका.