वाचकांचे प्रश्न : अंगणातली रंगपेटी

प्रश्न : निवृत्तीनंतर वेंगुर्ल्याजवळच्या गावी राहतो. चित्रांची हौस जुनी आहे. पण रंग महाग, आणि कागदासमोर बसल्यावर काही सुचतही नाही. काय करावे?

उत्तर : सुचण्याची वाट पाहण्यापेक्षा आधी हात मळवावेत, असे आमचे मत आहे. अंगणातली तांबडी माती पाण्यात कालवावी, खडे खाली बसले की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या करवंटीत ओतून निवळू द्यावे. तळाशी उरलेला मऊ साका डिंकाच्या पाण्यात घोटला की रंग तयार होतो, आणि तो लोहाच्या ऑक्साइडचा असल्याने उन्हात विटत नाही. रातांब्याचा रस मात्र लवकर फिका पडतो. तरीही त्यात चुन्याची निवळी थेंबथेंब टाकून पाहावी, म्हणजे लाल रस डोळ्यांदेखत हिरवट-निळसर होताना दिसेल. (कपडे जुनेच घालावेत, घरच्यांची बोलणी टळतील.)

विषय हवा असेल तर सावंतवाडीचा राजवाडा गाठावा. तेथे आजही गंजिफा (खेळायचे पारंपरिक पत्ते) हाताने रंगवल्या जातात. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते असतात. इवल्या वर्तुळात मत्स्य आणि कूर्म कसे बसवले आहेत, ते निरखावे.

पावसाळा सरता सरता कातळसड्यावर सीतेची आसवे जांभळी फुलतात. ती तोडून घरी आणू नयेत, कारण वाटेतच कोमेजतात. छत्री आणि पाट घेऊन तिथेच बसावे, आणि वीतभर जागेपुरतेच चित्र काढावे.