ग्रीन सर्टिफिकेटचं बिल भाडेकरूच्या गळ्यात? आधी कलम ९ बघा

डॉक्टर, तुमचा मेल वाचला, सोबतचे चौदा फोटोपण बघितले, आणि खरं सांगू का, त्यातले तेरा नसते पाठवले तरी चाललं असतं. बिल्डिंगच्या ग्रीन सर्टिफिकेटला, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या दाखल्याला, गोल्ड दर्जा मिळाला का प्लॅटिनम, पॅसेजमधे एलईडी किती लावले, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) चालतो का नुसता वास मारतो, याने तुमच्या केसमधे काडीचा फरक पडत नाही. असे मेल हल्ली बरेच येतात, कुणाचा क्लास असतो, कुणाचं सीएचं ऑफिस, तुमचं बाणेरला फिजिओचं क्लिनिक, गोष्ट तीच. गाळेवाल्यांच्या सोसायटीने ग्रीन सर्टिफिकेट घेतलं, बिल मालकाच्या नावाने निघालं, मालकाने ते जसंच्या तसं व्हॉट्सॲपवर तुमच्याकडे ढकललं, ४६,२०० भरा नाहीतर डिपॉझिटमधून कापतो.

चौदावा फोटो मात्र कामाचा. रिन्यूअलचं ॲग्रीमेंट, पान ३, कलम ९.

पहिलं ॲग्रीमेंट, जे रजिस्टर झालं होतं, त्यात होतं "सोसायटीचा मासिक मेंटेनन्स लायसेन्सीने (म्हणजे तुम्ही) भरावा", बस एवढंच. रिन्यूअलला मालकाने गपचूप "मासिक" काढलं आणि "सोसायटीचे सर्व प्रकारचे आकार" असं घातलं, आणि तुम्ही "जुनंच आहे, फक्त तारीख बदललीय" या त्यांच्या शब्दावर सही ठोकली. एक्सरे न बघता पेशंटच्या गुडघ्याला हात लावता का हो तुम्ही? असो.

आता नशीब बघा. हे दुसरं ॲग्रीमेंट स्टँप पेपरवर नोटरी करून ठेवलंय, रजिस्टर केलेलं नाही. हजार रुपये रजिस्ट्रेशन फी आणि थोडी स्टँप ड्युटी वाचवायला गेले आणि अडकले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लीव्ह अँड लायसेन्स, म्हणजे तुमच्यासारखा जागा वापरायला देण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर असायलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल तुम्ही जे म्हणाल ते ग्राह्य, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. (एक कोटी किंवा जास्त भांडवलाची कंपनी भाडेकरू असेल तर हा कायदाच लागू नाही, पण क्लिनिक तुमच्या स्वतःच्या नावावर आहे.)

पण "उलट सिद्ध" करायला मालकाकडे तुमची सही आहेच, आणि त्याहून वाईट म्हणजे बिल आल्यावर तुम्ही टाकलेला "ओके सर, बघते" हा मेसेज आणि गुगल पेवरून पाठवलेले दहा हजार. ते का पाठवले? त्याला चार महिने झाले आणि अजून लेखी हरकत नाही! या आठवड्यात स्पीड पोस्टने आणि ईमेलने पत्र गेलंच पाहिजे: अट मासिक मेंटेनन्सचीच ठरली होती, दहा हजार गैरसमजातून दिले, ते परत करा किंवा पुढच्या मेंटेनन्समधे वळते करा.

मालक म्हणतात "सरकारी फी आहे", तर नाहीये. हे सर्टिफिकेट देणारी आयजीबीसी म्हणजे सीआयआय या उद्योगांच्या संघटनेने २००१ साली काढलेली संस्था, तयार बिल्डिंगने सर्टिफिकेट घेणं ऐच्छिक असतं, हा महापालिकेचा कर नव्हे. सोसायटीने ठराव केला असेल तर मेंबर म्हणून मालकाला बहुतेक भरावं लागेल, ते त्यांनी सोसायटीशी भांडावं, तुम्ही मेंबरच नाही. शिवाय बिलात कन्सल्टंटची फी आहे, गेटवरच्या पितळी पाटीचे साडेअठरा हजार आहेत (सगळ्यांत मिळून, पण तरी!), आणि सर्टिफिकेट तीन वर्षांचं, तुमचे उरलेत अकरा महिने. तडजोडीची वेळ आली तर हे मुद्दे काढा, आत्ता नको.

आता खरी मेख. मालक परवा म्हणाले ना, "चला, रजिस्टर करून टाकू"? जुना कागद आता होत नाही, सही केल्यापासून चार महिने आणि वर दंड भरून आणखी चार, ती मुदत केव्हाच गेली. म्हणजे नवीन करावं लागेल, आणि त्यात "सर्व प्रकारचे आकार" राहिलं आणि तुम्ही अंगठा लावला की कलम ५५ चा फायदा संपला. रजिस्टर जरूर करा, पण "मासिक" परत घालून.

भाडं अजिबात थांबवू नका, त्यातून वजाही करू नका. डिपॉझिट कापलंच तर कोर्टात काय होईल ते छातीठोक सांगत नाही, शिवाजीनगरला तारखा पडायला लागल्या की तुमचे अकरा महिने पहिल्या जबाबालाच जातात, त्यामुळे पत्रावर भागलं तर उत्तम. आणि बिल्डिंगच्या त्या मॅनेजरने लिफ्टचं कार्ड बंद करायची भाषा केलीय, तर पत्रात त्याच भाडे कायद्याचं कलम २९ पण टाका, पाणी, वीज, लिफ्ट सबळ कारणाशिवाय मालकाला तोडता येत नाही, दुसऱ्याकरवीसुद्धा नाही. गुडघ्याचे पेशंट तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवणार का, हे मात्र पत्रात लिहू नका, तोंडी विचारा.